पासष्टचा डायनॅमो आणि दिंडीची चाल

आमच्या दिंडीच्या गाडीच्या डायनॅमोवर ६५ ॲम्पिअर असं लिहिलेलं होतं. गाडीवरचं सगळं एकदम चालू केलं तरी बेरीज ५६च्या पुढं जात नव्हती. म्हणजे हिशेबानं नऊ ॲम्पिअर शिल्लक. तरीही काकडा आटोपून निघायच्या वेळी सेल्फ नुसता टकटक करायचा आणि विणेकरी सोडून बाकी सगळ्यांनी मागून धक्का मारायचा, हे दर आषाढीला ठरलेलं. बॅटरीवाला म्हणायचा बॅटरी बसली. नवी घातली की पुढच्या वारीपर्यंत तीही बसलेली असायची.

दिंडी आमची अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्याची. केज, कळंब, येरमाळा, बार्शी करत पंढरपूर गाठते. गाडी म्हणजे जुनी डिझेल पिकअप, मेकॅनिकल पंपाची. कंप्युटर, सेन्सर असलं काही नाही. हौद्यावर चार भोंगे, आत ॲम्प्लिफायर आणि मिक्सर, पुढच्या दांडीला पोरांनी हौसेनं लावलेले चार हॅलोजन आणि पताकांच्या कडेनं दिव्यांची माळ. ॲम्प्लिफायर इन्व्हर्टरवरून चालायचा, तो सगळा मिळून २१ ॲम्पिअर ओढायचा. ५५ वॅटचे चार हॅलोजन १७ खायचे. गाडीचे हेडलाइट आणि मागचे दिवे १०, माळ ४, इंजिनचं स्वतःचं किरकोळ ४. हे झाले ५६.

बोअरच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं माझं दुकान आहे, त्यामुळं गाडीचं काम माझ्या गळ्यात आलं. पण घरच्या लाइनचं आणि गाडीचं गणित वेगळं. तारेभोवती अडकवून करंट मोजायचा माझा क्लॅम्प मीटरसुद्धा इथं बिनकामाचा, तो फक्त एसी मोजतो. गाडीला डीसीचा लागतो. तो लातूरच्या एका जुन्या वायरमनकडं होता, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. पहिल्या दिवशी मी जाऊन सरळ सांगितलं, ‘चाचा, मोठा डायनॅमो बसवायचाय.’ त्यांनी बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘डायनॅमो बाद में देखिंगे, पैले उसका रस्ता देखो.’

मग त्यांनी जे केलं ते कुणीही साध्या मल्टीमीटरनं करू शकतो. इंजिन जरा रेसवर धरायला लावलं, सगळे दिवे आणि साउंड चालू केला. मीटरची लाल वायर डायनॅमोच्या मागच्या मोठ्या खिळ्याला, काळी बॅटरीच्या प्लसला. एकाच तारेची ही दोन टोकं, तिथं शून्याच्या आसपास दिसायला हवं. दिसलं ०.३५ व्होल्ट. मग एक टोक डायनॅमोच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. तिथं ०.४५. म्हणजे डायनॅमोच्या तोंडाशी १४.१ व्होल्ट तयार होत होते आणि बॅटरीपर्यंत १३.३ पोचत होते. शिशाच्या बॅटरीला नीट भरायला १३.८ ते १४.४ लागतात. ती उपाशीच राहणार.

डीपी लांब आणि केबल बारीक असलेल्या विहिरीवरची मोटार कशी गरम होऊन जळते, हे मी रोज बघतो. इथं तेच चाललं होतं, फक्त अंतर तीन फुटांचं.

जास्त घोळ मायनसच्या बाजूला निघाला. इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. आमच्या गाडीत ती इंजिनाच्या खालच्या अंगाला होती. बोल्टखाली रंग, रंगावर ग्रीस, ग्रीसवर काळी माती. चाचांनी पट्टी दोन बोटांत धरून वाकवली तर निम्म्या तारा हिरवा भुगा होऊन त्यांच्या तळहातावर आल्या. गाडीतलं जेवढं म्हणून चालतं, त्या सगळ्याचा करंट परत जाताना या पट्टीतून जातो. सेल्फचा सुद्धा, आणि तो तर शेकड्यानं ॲम्पिअर असतो.

मोंढ्यातून २५ एमएमची (चौरस एमएम, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ) तांब्याची वेल्डिंग केबल आणली. घेताना टोक खरवडून बघावं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल हल्ली सर्रास विकतात, ती हाताला हलकी लागते आणि स्वस्तही पडते. तीन तुकडे केले. एक डायनॅमोच्या खिळ्यापासून बॅटरीच्या प्लसला, एक बॅटरीच्या मायनसपासून चासीला, एक इंजिनापासून चासीला. कंपनीची मूळ तार काढली नाही, तिच्या जोडीला नवी दिली. प्लसच्या तारेत बॅटरीपासून वीतभर अंतरावर १०० ॲम्पिअरचा फ्यूज. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, त्यामुळं तो बॅटरीजवळच हवा. लांब लावला तर मधल्या तुकड्याला वाली कोण?

केबलच्या टोकाला बसवायचा लग दाबण्यावरून चाचांच्या पोरावर ते चिडलेले मी ऐकलं. त्यानं हातोड्यानं ठोकून लग बसवला होता. चाचांनी तो कापून फेकला, हायड्रॉलिक प्रेसमध्ये दुसरा दाबला आणि केबल कापून मला आतलं दाखवलं. दाबलेल्या जागी तारा वेगळ्या ओळखू येत नव्हत्या, एकसंध तांब्याचा गोळा झाला होता. चासीवर जिथं लग बसणार तिथला रंग चमक येईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, आवळला आणि मग वरून व्हॅसलिन. व्हॅसलिन शेवटी, आधी नाही.

एवढ्या कामावर वाटेतली तूट ०.८ व्होल्टवरून ०.१५ वर आली. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना थोडा जास्तीचा साउंड किंवा दोन दिवे लावायचेत, त्यातल्या निम्म्या लोकांचं काम इथंच भागेल. मात्र ज्यांची गाडी नवी, बीएस-सिक्सची आहे त्यांनी बॅटरीच्या मायनसवर एक छोटी डबी आहे का ते आधी बघावं. तो सेन्सर बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजतो आणि त्यावरून कंप्युटर डायनॅमोला हुकूम देतो. जास्तीची अर्थ (मायनसची तार) थेट बॅटरीला जोडली की त्याचा हिशेब चुकतो. अशा गाडीत अर्थ चासीवरूनच घ्यायची.

आमचं मात्र इथं भागलं नाही, कारण आमची गाडी पळत नाही. ती दिंडीच्या मागं तीन-चार किलोमीटरच्या चालीनं, निम्मा वेळ न्यूट्रलवर उभी, अशी चालते. चाचांनी पाय काढायला लावला, इंजिन साडेसातशेच्या आयडलवर आलं. डायनॅमोच्या तारेवर डीसी क्लॅम्प लावला. आकडा २६.

पाटीवरचे ६५ गेले कुठं? ते कुठंच गेले नाहीत. पाटीवरचा आकडा डायनॅमो स्वतः मिनिटाला ६,००० फेरे फिरत असताना मिळतो, आणि तोही थंड हवेत. क्रँकची पुली मोठी आणि डायनॅमोची छोटी, आमच्यात प्रमाण २.२ पट, म्हणजे ७५० आयडलला डायनॅमो जेमतेम १,६५० फेरे फिरतो. हजार-बाराशे फेऱ्यांपर्यंत तो काहीच देत नाही, पुढं हळूहळू चढतो. हायवेला ६५ देणारा आमच्या चालीला २६ देत होता आणि वरचे ३० बॅटरीतून जात होते. ८० एएचच्या (ॲम्पिअर-तासांच्या) बॅटरीचं असं दोन तासांत दिवाळं निघतं. संध्याकाळची चाल आणि मुक्कामाला पोचल्यावर गाडीवरच होणारा हरिपाठ धरला तर ते दोन तास बरोबर भरतात.

लोड कमी करायचं काम आधी केलं, आणि तेच सगळ्यात वादाचं ठरलं. पोरं हॅलोजन सोडायला तयार नव्हती. त्यांच्या जागी २० वॅटचे चार एलईडी फोकस लावले तर उजेड वाढला आणि १७ ॲम्पिअरचे ६ झाले, तेव्हा कुठं बोलणं थांबलं. इन्व्हर्टर तर काढूनच टाकला. बाराचे दोनशेतीस करायचे आणि ॲम्प्लिफायरनं आत ते पुन्हा उतरवून घ्यायचे, यात तीन ॲम्पिअर वाटेतच जात होते. आमच्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर १२ व्होल्ट बॅटरीचे खिळे होतेच, त्यांच्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली. मोठ्या वॅटचे काही ॲम्प्लिफायर तिथं २४ व्होल्ट मागतात, तेवढं वाचून घ्यायला हवं. एकूण ५६चे ४२ झाले.

पण ४२ आणि २६ यांचा मेळ बसेना. आता मात्र डायनॅमो बदलणं आलंच.

एका दुकानात १५०चा म्हणून एक भरलेला डायनॅमो दाखवला गेला. वर चकचकीत स्टिकर. चाचांनी विचारलं, ‘आयडल पे कितना?’ त्यावर दुकानदार पुन्हा दीडशेच सांगू लागला. मी टॉर्च मारून आत बघितलं. तार जाड आणि वेढे कमी. हे माझ्या रोजच्या कामातलं. वेढे कमी केले की जास्त करंट निघतो खरा, पण तो मिळायला डायनॅमो जोरात फिरवावा लागतो. जोडणीही डेल्टा होती. पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव पाठ असतं. डायनॅमोत डेल्टा वरच्या फेऱ्यांना करंट देतो, स्टार खालच्या फेऱ्यांना व्होल्टेज लवकर उचलतो. म्हणजे तो दीडशेचा माल आमच्या चालीला जुन्या पासष्टपेक्षाही कमी निघाला असता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या पाठीवर व्हॅक्युम पंप नव्हता. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक हलका करणारा व्हॅक्युम पंप डायनॅमोच्याच दांड्यावर, मागच्या अंगाला बसवलेला असतो. त्याला इंजिन ऑइलची एक नळी येते आणि एक परत जाते. बिनपंपाचा डायनॅमो लावला की साउंड झकास वाजेल आणि उताराला ब्रेकवर उभं राहावं लागेल. पुढं चारशे माणसं चालत असताना! त्या दुकानातून आम्ही तसेच निघालो.

शेवटी पंपासकटचा ९०चा नवा मिळाला. त्याच्या पाटीवर दोन आकडे होते, ४५/९०. पहिला खालच्या फेऱ्यांचा, दुसरा ६,००० फेऱ्यांचा. आमच्यासारख्यांनी बघायचा तो पहिला. बसवताना डायनॅमोचा बोल्टचा कान जरा पुढं येत होता, म्हणून लेथवर एक बुश करून घेतला; पुल्या एका रेषेत नसतील तर बेल्ट कडेनं खातो. पुली थोडी छोटी घातली, प्रमाण २.५ झालं. फार छोटी घालायचा मोह होतो, पण तिच्याभोवती बेल्टची मिठी कमी होते आणि लोड आला की तो घसरून किंचाळतो. नवा बेल्ट, अंगठ्यानं दाबल्यावर सेंटीमीटरभर खाली जाईल इतकाच ताण. डिझेल पंपावरचा आयडलचा स्क्रू फिरवून ९५० केलं.

थंड असताना क्लॅम्पवर ५२ आले. तासभर उन्हात तसंच उभं ठेवून पुन्हा मोजलं तर ४६. हा फरक बिघाडाचा नव्हे, तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो आणि चालत्या माणसाच्या वेगाला बॉनेटमध्ये वारा शिरत नाही. मी पुढचा सगळा हिशेब ४६ धरूनच केला.

दुसरी बॅटरी घातली ती दिंडीतल्या आबांच्या आग्रहामुळं. त्यांना साउंडचं काही पडलेलं नाही, त्यांचं एकच म्हणणं, ‘पाटं गाडी ढकलायला लावू नका रे माऊली, गुडघे ऱ्हायले न्हाईत.’ तेव्हा पुढची बॅटरी फक्त गाडीची आणि हौद्यातली साउंड-दिव्यांची, अशी वाटणी केली. सेल्फची बॅटरी वरचेवर तळापर्यंत उतरवली की तिच्या पातळ प्लेटा लवकर मरतात, म्हणून मागं ई-रिक्षाची घेतली. ती खोल उतरायला आणि हादऱ्यांना बनवलेली असते. लोखंडी अँगलच्या चौकटीत पट्टी मारून बसवली. दोन्हींच्या मध्ये व्हीएसआर, म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले. पुढची बॅटरी १३.३ व्होल्टच्या वर गेली, म्हणजे चार्जिंग चालू आहे, की तो दोन्ही जोडतो, १२.८च्या खाली आली की तोडतो. हरिपाठ कितीही रंगला तरी पुढची शाबूत. मधल्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज दिले, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे आणि तार मध्येच कुठं घासली तर दोन्हीकडून करंट येणार. चार मीटरची ही केबलसुद्धा २५ एमएमचीच. ६ एमएमची टाकली असती तर ३० ॲम्पिअरला जाता-येता पाऊण व्होल्ट गेला असता.

सगळं जोडून पहिल्यांदा माईक लावला आणि भोंग्यातून किंऽऽ असा बारीक सूर आला. ॲक्सिलरेटर दिला की तो चढायचा. पखवाजवाला म्हणाला, काळी चार लागलीय, पेटीची गरज नाही. मिक्सरला गाणं मोबाइलवरून जोडलेलं आणि मोबाइल गाडीवरच चार्जिंगला. अर्थ दोन वाटांनी येत होती आणि डायनॅमोची खरखर त्या फेऱ्यात शिरत होती. चार्जर काढला की सूर गायब. ॲम्प्लिफायरची अर्थ हौद्याच्या पत्र्यावरून काढून थेट मागच्या बॅटरीच्या मायनसला नेली, माईकच्या वायरी पॉवर केबलपासून लांब, हौद्याच्या दुसऱ्या कडेनं घेतल्या, आणि मोबाइलच्या वायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला.

दिव्यांचं एक सांगायचं राहिलं. प्रत्येक जोडीला स्वतंत्र रिले आणि फ्यूज दिला; डॅशबोर्डच्या बटणातून फक्त रिलेचा पाव ॲम्पिअर जातो. फोकस चालताना रस्त्याकडं, खाली वाकवलेले. हरिपाठाच्या वेळी ते वळवता येतात. ज्या दिव्यासाठी मी भांडलो तो मात्र मागचा, पिवळा, उघडझाप करणारा, दोन्ही कोपऱ्यांना एकेक. कळंबच्या पुढं अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला इथं माणसं चालतायत हे लांबून कळलं पाहिजे. जेमतेम एक ॲम्पिअर खातो. भोंग्याचं म्हणाल तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंदच ठेवायचा, त्यामुळं आमचा काकडा नुसत्या टाळ-पखवाजावर होतो आणि पहाटेच्या चालीचा लोड आपोआप पंचविसाच्या आत राहतो.

या वारीत येरमाळ्याच्या अलीकडं चांगला पाऊस लागला. वायपर चालू, दिवे चालू, भजन चालू. वायपरनं पाच वाढवले, म्हणजे ४८. डॅशबोर्डवर लावलेला छोटा व्होल्टमीटर आयडलला १२.९ दाखवत होता, जरा रेस दिली की १३.९. पाण्यानं बेल्ट दोनदा ओरडला, विसाव्याला जाऊन अर्धा चिमटा ताण वाढवला. पंढरपुरापर्यंत सेल्फनं एकदाही तोंड फिरवलं नाही. परत आल्यावर हायड्रोमीटरनं बॅटरीच्या पाण्याची घनता मोजली तर दोन्ही बॅटऱ्यांचे सगळे सेल १.२५च्या वर. पूर्वी वारीहून आलेल्या बॅटरीत १.१५ दिसायचं.

आता पोरांना पुढच्या वर्षी हौद्याच्या मागं एलईडीचा पडदा लावून त्यावर अभंग दाखवायचेत. विक्रेत्याकडून ते २०० वॅटची पत्रिका घेऊन आलेत. मी त्यांना शिल्लक लिहून दिलीय: तापलेल्या डायनॅमोचे ४६, लोड ४३, उरले तीन, तेही पाऊस नसताना. बाराच्या लाइनीवर २०० वॅट म्हणजे पंधरा-सोळा. बाकीचे बारा-तेरा कुठून आणायचे ते त्यांनी ठरवून सांगावं. तोवर माळ काढायची का, एवढाच वाद चालू आहे.